एक जूनला जन्मलेलं गाव

जालन्याला निघाले तेव्हा घरातल्या आणि कचेरीतल्या मिळून सहा जणांनी विचारलं, ‘तिथे काय आहे बघायला?’ मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, कारण खरं उत्तर ऐकायला कुणी थांबलं नसतं. खरं उत्तर असं की मी पुण्यात लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते आणि गेली तीन वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून बसले आहे. कोरोनाच्या साथीत काही देशांत माणसं जास्त का मेली आणि काही देशांत कमी का?

माझ्या टेबलावर त्याचा एक लांबलचक तक्ता आहे. उभ्या बाजूला देश, आडव्या बाजूला कारणं. लोकांचं वय, मधुमेह, लठ्ठपणा, दवाखान्यातल्या खाटा, लस केव्हा पोचली, लोकांचा सरकारवर विश्वास किती, आणि मुळात मेलेला माणूस कुठे मोजला तरी जातो का. या सगळ्यांत वयाचं कारण सर्वांत वजनदार. म्हाताऱ्या माणसांचा देश असला की मरण जास्त, तरण्या पोरांचा असला की कमी. बाकीची कारणं त्याच्या मागून येतात. दोन देशांची तुलना करायची तर आधी वयाचा हिशेब बरोबर हवा, नाहीतर सगळा तक्ता कचऱ्यात.

माझा लेख तपासणाऱ्या परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. ‘भारतातल्या खेड्यांत मृताचं वय बरोबर लिहिलेलं असतं हे कशावरून?’ मी दोन दिवस त्याच्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला माहीत नाही. मग रीतसर परवानगी काढली, जाफराबाद तालुक्यातल्या एका गावाची मृत्युनोंदींची यादी घेतली आणि दिवाळी झाल्यावर निघाले. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं लिहिते.

जालना ते जाफराबाद

एसटी चुकली, कारण मी फलाटावर मोसंबी निवडत बसले होते. मग काळीपिवळी जीप. सीटवर माझ्या बाजूला तिघी जणी आणि मांडीवर कुणाची तरी पिशवी. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस फुटलेला होता आणि सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं. पुण्यात शेजाऱ्याचं नाव कळायला दोन वर्षं लागतात. इथे टेंभुर्णी येईपर्यंत माझा पगार, मुलं, नवऱ्याचं बीपी आणि येण्याचं कारण सगळ्या जीपला कळलेलं होतं.

कारण कळल्यावर प्रत्येकाने मला ते समजावून सांगायला घेतलं. ड्रायव्हरशेजारचे एक पटकेवाले म्हणाले, ‘‘ज्वारी खाणाऱ्याला त्या बिमारीनं काहीच केलं न्हाई. बिलकुल न्हाई. तांदूळ अन् पाव खाणारे गेले.’’

मागून एक बाई म्हणाल्या, ‘‘मंग मामा, तुमचे साडू काय पाव खात व्हते का?’’

पटकेवाल्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. नंतर बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘त्योबी ज्वारीच खायचा.’’ मी त्यांना मोसंबी दिली. त्यांनी सोलून निम्मी परत मलाच दिली.

जाफराबादला साळवे गुरुजी स्टँडवर घ्यायला आले होते. आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याचे हे प्राथमिक शाळेतले शिक्षक. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चाल अशी की माझी धावपळ व्हावी. ज्या गावाची यादी माझ्याकडे होती ते त्यांचं जन्मगाव, आणि नोकरीची पहिली पंधरा वर्षंही त्याच गावात गेलेली. आता ते तालुक्याला घर बांधून राहतात. दारातच त्यांच्या पत्नीने ‘जयभीम’ केला आणि हातपाय धुवायला पाणी दिलं. जेवायला भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. ठेचा मी पुण्याच्या मापाने घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू म्हणाल्या, ‘‘मॅडम, ह्यो तं पोरायसाठी केलेला हाय.’’ मोठ्यांचा ठेचा दुसऱ्या वाटीत होता.

जेवणानंतर मी माझं घटनापत्रक काढलं. खेड्यात वय विचारताना आम्ही वर्ष विचारत नाही, घटना विचारतो. अमुक झालं तेव्हा तुम्ही केवढे होता, मूल झालं होतं का, असं. पत्रक मी कचेरीत बसून मोठ्या कौतुकाने केलं होतं. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं आणि पहिल्याच ओळीला हसले. ‘‘दिल्लीतले आशियाई खेळ? रंगीत टीव्ही? मॅडम, आमच्या गावात टीव्ही आला तव्हा माझे केस पांढरे व्हायले होते.’’ मग त्यांनी खिशातलं एक पेन काढून माझ्या निम्म्या घटना खोडल्या आणि आपल्या लिहिल्या. बहात्तरचा दुष्काळ. नामांतराची गडबड. किल्लारीचा भूकंप. गावची विहीर ढासळली ते वर्ष. माझा थोडा अपमान झाला, पण पत्रक कामाचं झालं.

गावात

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावात पोचलो. पारावर राम राम झाला आणि घरोघरी जाणं सुरू झालं. पद्धत साधी. यादीतल्या मृताच्या घरी जायचं, आधार कार्ड बघायचं, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घटना विचारून खरं वय काढायचं.

पहिल्या घरी कार्डावर जन्मतारीख एक जून. दुसऱ्या घरी एक जून. तिसऱ्या घरी मेलेल्याचीही एक जून आणि त्याच्या जिवंत भावाचीही. सातव्या घरी मी कार्ड हातात घेण्याआधीच म्हणाले, ‘‘एक जून?’’ त्या घरातल्या सुनेने मला हात जोडले. तिला वाटलं मी भविष्य सांगणारी आहे.

‘‘शाळा जूनला उघडती,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. पोरगं वर्गात आणून बसवायचं अन् एक जूनला सहा वर्षं पुरी लिव्हायची. तीच तारीख दाखल्यावर, अन् मंग आधारवर. मी तरणा होतो, रानारानात हिंडून पोरं गोळा करायचो. कुणी शेळ्यांमागं, कुणी कापूस येचायला. निम्मं गाव म्याच जन्माला घातलं म्हणा ना.’’ पाराजवळची माणसं हसली. गुरुजींना त्या कामाचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. गावात त्यांच्या हातून शिकलेले दोन इंजिनियर आणि एक तहसील कचेरीतला कारकून आहे.

ज्या बायका शाळेत गेल्याच नाहीत त्यांचं उलटं. त्यांचं वय ज्याने कार्ड काढलं त्याने नजरेने लिहिलेलं. केस पिकलेले असले, डोईवर पदर असला की साठ. एका आजींचं वय कार्डावर त्यांच्या थोरल्या नणंदेपेक्षा जास्त होतं. त्या खुशीत होत्या. ‘‘मला पैल्याच खेपेला लस टोचली,’’ म्हणाल्या. ‘‘नणंद बसली वाट पाहत.’’

एक ते चार या वेळात पुण्यात कुणाच्या दारावर टकटक करायची माझी हिंमत होत नाही. इथे त्याच वेळात मला तीन घरांनी जेवायला बसवलं. पहिल्या घरी भूक होती, दुसऱ्या घरी लाज, तिसऱ्या घरी मी भाकरीचा निम्मा तुकडा हळूच गुरुजींच्या ताटात सरकवला. त्यांनी बघितलं आणि मुकाट्याने खाल्ला.

संध्याकाळी यादीत एक नाव उरलं होतं. रामकिसन, पुरुष, वय त्रेचाळीस, मृत्यू एकवीस सालच्या मे महिन्यात. माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं नाव, कारण एवढ्या लहान वयाचे मृत्यू यादीत थोडेच होते. गुरुजी म्हणाले, ‘‘ते राहू द्या. म्हातारीला तरास होतो.’’ दिवसभर ज्यांनी मला एकही घर चुकवू दिलं नाही ते असं म्हणतात याचं मला नवल वाटलं, पण मी हट्टी आहे. मी निघाले, तेव्हा ते मागून आले.

रामकिसनच्या आई गयाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पोराचं नाव काढल्यावर त्या रडल्या नाहीत. मी पत्रकातली पहिलीच घटना विचारली, बहात्तरचा दुष्काळ.

‘‘तव्हाचाच त्यो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही खडी फोडायला जात व्हतो. लिंबाला झोळी बांधून त्याला निजवायचे. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दूध येत नव्हतं, लई रडायचा.’’

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. मग तीच मोठ्याने केली. ‘‘म्हणजे गेला तेव्हा अठ्ठेचाळीस पुरे. कार्डावर तर त्रेचाळीस आहे.’’

‘‘कार्डाचं मला काय कळतंय बाई. धा-अकरा वर्षांचा झाला तरी शेळ्यांमागंच व्हता. गुरुजीनं बांधावरून उचलून शाळेत नेला.’’ त्यांनी गुरुजींकडे बोट केलं. ‘‘चांगलं झालं. चार बुकं शिकला. पण भित्रा निघाला. गावात सगळ्यायला लस टोचली, त्याच्या बरोबरीच्या सगळ्यायला. ह्यो बायकोला म्हनला जाऊन आलो, अन् गेलाच न्हाई. सुईला भेला. सुईला भेऊन मेला म्हनतेत लोक. मी काय बोलू?’’

मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे कबूल करते. पाच वर्षांची चूक, दुष्काळाने पक्की झालेली, आईच्या तोंडून. परीक्षकाला द्यायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. मी वही मिटली आणि गुरुजींकडे बघितलं. ते आढ्याकडे बघत होते.

पुलावर

जाफराबादला परतताना गुरुजींनी गाडी पूर्णेच्या पुलावर थांबवली. नदीत पाणी बेताचं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘मॅडम, तुमचा अभ्यास हाय म्हणून विचारतो. लस मिळाली असती तं रामकिसन जगला असता का?’’

मी म्हटलं, तो लस घ्यायला गेलाच नव्हता ना.

‘‘गेल्ता,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘एप्रिल महिन्यात. पंचेचाळीसच्या वरच्यायला सुरू झाल्ती. मी माझ्या दुसऱ्या डोससाठी त्याच लायनीत होतो. तो माझ्यापुढं दोन नंबर. तिथल्या पोरीनं कार्ड पाह्यलं अन् म्हणली, मामा, तुमचा नंबर अजून आला न्हाई, वय कमी भरून राह्यलंय. वापस पाठवला. मला तिथंच कळलं. ती तारीख म्या लिव्हलेली. पहिलीत घालायचा म्हणून अकरा वर्षांच्या पोराला सहाचा केला.’’

‘‘तुम्ही तिला सांगितलं नाही?’’

‘‘कार्ड पाहून टोचत होते. माझं कोण ऐकलं असतं?’’ मग म्हणाले, ‘‘पण बोललो न्हाई हे खरं. वाटलं, सरकारी रजिस्टरात खोटं लिव्हलं म्हणून आपल्यावरच येईल. मंग तो वारला. मंग लोक म्हणायला लागले, सुईला भेला. गावाला त्याचं खरं वय ठाऊक. त्याच्या जोडीच्या सगळ्यायला लस भेटली, मंग ह्यालाच कशी न्हाई? म्हणून कुणाला पटलंच न्हाई तो गेल्ता म्हणून. साडेचार वर्षं झाली. दर बारीला गावात आलो की ऐकतो अन् चूप बसतो.’’

मला त्यांचा राग आला. दुपारीच ज्या माणसाच्या ताटात मी भाकरी सरकवली होती त्याचा राग येणं अवघड असतं, तरी आला. लाजही वाटली, कारण थोड्या वेळापूर्वी मी त्याच गोष्टीचं उदाहरण करून वहीत ठेवलं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी जेवढं खरं देता येईल तेवढं दिलं. लस घेतलेल्यांत मरण कमी होतं, एका डोसनेही काही माणसं वाचत होती. रामकिसनसारखी पुष्कळ माणसं घेतली तर त्यांतली काही जगली असती हे मी सांगू शकते. हा एक जगला असता का, हे मला सांगता येत नाही आणि जगात कुणालाच येणार नाही.

‘‘म्हणजे तुमचं शास्त्र इथं थांबतं,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘थांबतं,’’ मी म्हटलं. ‘‘पण तो गेला होता की नाही, याला शास्त्र लागत नाही. ते एकट्या तुम्हाला माहीत आहे.’’

रामकिसनची बायको कुठे असते विचारलं तर म्हणाले, वाटूरला, माहेरच्या गावी, एक मुलगी आहे. फॉल-पिकोचं दुकान चालवते. मृत्यूची माहिती तिच्याकडून घ्यायची माझीही बाकीच होती. मी म्हटलं, उद्या मी वाटूरला जाणार आहे, पण हे मी सांगणार नाही. गुरुजी गाडी चालू करायला लागले.

वाटूर

सकाळी सहाला मी पिशवी घेऊन बाहेर आले तर गुरुजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे होते. काकूंनी डब्यात धपाटे बांधून दिले. पूर्ण रस्ता आम्ही दहा वाक्यं बोललो असू, त्यांतली आठ एसटीबद्दल. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलो, जालन्यात गाडी बदलली, आणि गाडी बदलताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वाटूर फाट्यावर मी एक पाय ओढत उतरले. गुरुजींनी मोची शोधून दिला आणि तो शिवेपर्यंत उन्हात उभे राहिले. मला वाटतं त्यांना त्या मोच्याने आणखी तासभर लावला असता तरी चाललं असतं.

रामकिसनच्या बायकोचं, वंदनाताईंचं, दुकान फाट्यापासून जवळच आहे. एक मशीन, भिंतीला टांगलेल्या साड्या, मागे राहायची खोली. वयाने चाळिशीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. गुरुजींना बघून त्यांनी पटकन पदर सावरला आणि आत जाऊन चहा टाकला. नवऱ्याचा फोटो मागच्या खोलीत होता, साधा, हार नसलेला. मी माझी ओळख सांगितली. त्यांनी आजाराची माहिती सरळ दिली. ताप, खोकला, जालन्याला नेलं, सहाव्या दिवशी संपलं.

‘‘मुलगी?’’ मी विचारलं.

‘‘जालन्यालाच हाय, नर्सिंगला. सुट्टीत येती. बापाच्या वर्षश्राद्धाला मात्र येत न्हाई. म्हणती, दोन मिनिटांच्या सुईला भेऊन आपल्याला उघड्यावर टाकून गेले, मी कशाला येऊ.’’ हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. बहुतेक खूप वेळा सांगून झालं असावं.

चहा आला. गुरुजींनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

‘‘वंदना, मी एक सांगायला आलो,’’ ते म्हणाले. ‘‘रामकिसन गेल्ता लस घ्यायला. माझ्या डोळ्यांदेखत. त्याला वापस पाठवलं. कार्डावर वय पाच वर्षं कमी व्हतं. ते म्या लिव्हलेलं, शाळेत घालताना.’’ मग लाईन, दोन नंबर, ती मुलगी, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. मला कळलं की हे त्यांनी मनात पुष्कळदा म्हणून झालेलं आहे.

वंदनाताईंनी मशीनवरचा दोरा तोडला. त्याची गाठ मारली.

‘‘त्या दिवशी घरी आले ते हसतच आले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी म्हणलं, टोचली का? तं म्हणले, मला म्हणत्यात तुम्ही अजून तरणे हाव, मंग या. मला वाटलं, भेऊन अर्ध्यातून वापस आले अन् गंमत करून राह्यले. मी लई बोलले त्यांना. खोटारडे म्हणले. दवाखान्यात नेतानाबी मीच म्हणले, तुम्ही गेले असते तं ही येळ आली नसती. ते जीपमधून म्हणले, वंदे, गेल्तो मी. मी तोंड फिरवलं.’’

त्या रडल्या, आणि मीही.

मग वंदनाताईंनी डोळे पुसले आणि गुरुजींकडे बघितलं. त्या नजरेत माफी वगैरे काही नव्हती. ‘‘साडेचार वर्षं, गुरुजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही लिव्हलं ते ठीक हाय, तुम्हाला काय ठाऊक. पण बोलले काहून न्हाई?’’

‘‘भेलो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘सुईला न्हाई. पण भेलो.’’

वंदनाताईंनी मशीनच्या खणातून मोबाईल काढला आणि नंबर लावला. मला वाटलं त्या स्वतः बोलतील. पलीकडून ‘हॅलो, मम्मी’ आलं तशी त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘प्रतीक्षा, थांब. साळवे गुरुजी बोलत्यात,’’ आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी बाहेर जावं म्हणून उठायला लागले, तर वंदनाताईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

‘‘पोरी,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘तुझे पप्पा गेल्ते. मी पाह्यलं. माझ्यामुळं वापस आले.’’

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही. गुरुजींचं उत्तर तेवढं आलं.

‘‘न्हाई, बाळा. बिलकुल भेले न्हाईत.’’